बोटीवर टीव्ही लागतो का?

२०२५ सालच्या संक्रांतीला पानिपतजवळच्या काला अंबला हर्णैचा एक मुलगा मोबाईल धरलेला हात उंच करून गर्दीत उभा होता. समोर विटांचा स्तंभ, भगवे फेटे, लाऊडस्पीकर, महाराष्ट्रातून आलेली माणसे आणि स्वतःला मराठ्यांचे वंशज म्हणवणारी हरियाणातली रोड समाजाची मंडळी. त्या वर्षी शौर्यदिनाला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही आले होते. मुलाची नोकरी पानिपतलाच. रजा घेऊन तो सकाळपासून तिथे होता.

"आई, दिसतंय?"

"दिसतंय, अगदी स्वच्छ. तुझं नाक लाल झालंय. कानटोपी कुठाय?"

"आणि बाबांना?"

"ते काल रात्रीच बाहेर गेले. त्यांच्या टीव्हीवर गोल फिरत असेल."

फिरणारे ते गोल चक्र या घरात दोन-अडीच महिन्यांपासून चर्चेचा विषय होते. वडील बोटीवर तांडेल. एकदा बाहेर पडले की आठ-दहा दिवस पाण्यावर. बरोबर सहा खलाशी, त्यातले चार नेपाळचे. (रत्नागिरीकडच्या बोटींवर नेपाळी खलाशी पाहून पाहुण्यांना नवल वाटते. ज्यांच्या देशाला समुद्रच नाही, ती मुले इथे जाळी ओढतात!) दिवाळीच्या रजेत घरी येताना मुलाने एक बत्तीस इंची टीव्ही आणला. इंटरनेटवर चालणारा, केबल लागत नाही, अँटेना लागत नाही. आईला वाटले, घरातला जुना खोका आता जाणार. तर हा म्हणाला, "हा घरासाठी नाही, बोटीसाठी आहे."

वडिलांनी टीव्हीकडे पाहिले, मग मुलाकडे. "बोटीवर मासे ठेवायला जागा पुरत नाही. ह्याला कुठं बसवू? बर्फात?"

शेवटी केबिनमध्ये, गणपतीच्या फोटोखाली फळी ठोकून तो बसवला. लाटेने हलू नये म्हणून मागून पट्ट्या, बाजूंना रबर. वीज म्हणजे इंजिनावर चार्ज होणारी बॅटरी. तिच्यावर इन्व्हर्टर जोडून टीव्ही सुरू झाला. मोबाईलचे हॉटस्पॉट दिले आणि बंदरात नांगरलेल्या बोटीवर चित्र आले. शेजारच्या बोटींवरची माणसे उड्या मारून बघायला आली. मुलगा त्या संध्याकाळी फार खूश होता.

भाऊबीजेचा दिवस, ३ नोव्हेंबर. मुंबईला वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धची कसोटी चालू होती. सामना बघत बघत एक चक्कर मारून येऊ, म्हणून बोट बाहेर काढली. सुवर्णदुर्ग मागे पडला. ऋषभ पंत जोरात खेळत होता. खलाशी ओरडत होते. किनाऱ्याचे डोंगर निळे होत गेले तसे चित्र आधी अंधूक झाले, मग तुटक आणि मग पंतची बॅट हवेतच थांबली. पडद्याच्या मध्यभागी गोल फिरू लागले. आपण पंचवीस धावांनी हरलो, हे सगळ्यांना बंदरात परतल्यावर कळले.

इथे थोडा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते की, मोबाईलचे इंटरनेट आभाळातून येते. ते येते जमिनीवरच्या टॉवरमधून, आणि जवळजवळ सरळ रेषेत. पृथ्वी गोल आहे, हे शाळेत पाठ केलेले वाक्य समुद्रावर गेल्यावर खरे वाटू लागते. सड्यावर, पाण्यापासून १०० मीटर उंचीवर उभा असलेला टॉवर साधारण ३६ किलोमीटरनंतर पाण्याच्या फुगवट्याआड जातो. ३० मीटर उंचीवरचा तर २० किलोमीटरलाच. बोटीवरचा माणूस जरा उंच असला तर आणखी पाच-सात किलोमीटर मिळतात. शिवाय टॉवरचा आवाज फोनपर्यंत पोचून भागत नाही, खिशातल्या एवढ्याशा फोनचा आवाजही टॉवरपर्यंत पोचावा लागतो.

मुलाने दुसऱ्याच दिवशी सिमकार्डचा राऊटर आणला आणि त्याची अँटेना डोलकाठीच्या टोकाला बांधली. वायर केबिनमध्ये घेतली. वडील खाली उभे राहून सांगत होते, "गाठ अशी नाही, अशी मार. खारा वारा सोडवून टाकेल." या उपायाने चांगला फरक पडला. जिथे फोन मुका होई, तिथेही टीव्ही चालू राहिला. पण मासे काही टॉवर बघून राहत नाहीत. चांगली मासळी गाठायला बोट त्याहून लांब गेली की पुन्हा तेच.

मग डिशचा प्रयोग. घराच्या छपरावरची जुनी डिश बोटीवर नेली. तिचा उपग्रह खरोखरच आभाळात आहे, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे समुद्रातही त्याची पोच आहे. अडचण वेगळीच. छपरावरची डिश आग्नेयेकडे तोंड करून वर्षानुवर्षे निश्चल असते. तिचे तोंड दोन-तीन अंशांनी फिरले तरी चित्र जाते. पावसाळ्यात माकडाने किंवा माडाच्या झावळीने ती हलवली की आपण कसे हैराण होतो, हे कोकणातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. आणि बोट? ती लाटेवर दहा-पंधरा अंश सहज कलते आणि जाळ्यामागे जाताना सगळी दिशाच बदलते. एका नेपाळी खलाशाने डिश दोन्ही हातांनी धरून ती आग्नेयेकडे ठेवायचा यत्न केला. बातम्या देणारी बाई क्षणभर दिसली, अर्धे वाक्य बोलली आणि गेली. सगळे इतके हसले की, तांडेलालाही हसू आवरेना.

मोठ्या जहाजांवर पांढरे घुमट दिसतात, त्यांच्या पोटात अशीच डिश असते. जहाज डावीकडे कलले की मोटर तिला उजवीकडे कलवते आणि तिची नजर उपग्रहावरून ढळू देत नाही. मुलाने किंमत काढली. आकडा लाखांत होता. तो त्याने घरी सांगितलाच नाही.

परवानगीचाही प्रश्न असतो. जहाजांवर आणि विमानांत इंटरनेट देण्याचे नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये काढले. त्यानुसार परवानाधारक कंपनीकडूनच सेवा घ्यावी लागते. परदेशातून कुणीतरी आणलेला सॅटेलाईट फोन किंवा तसलीच पेटी बोटीवर बसवणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. किनाऱ्यावरच्या पोरांना स्वस्तात काहीतरी आणून देणारे भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली, देशभरात टप्प्याटप्प्याने एक लाख बोटींसाठी. उपग्रहामार्फत त्यावरून छोटे संदेश दोन्ही बाजूंनी जातात. वादळाचा इशारा बोटीला मिळतो, संकटाची हाक किनाऱ्याला. टीव्ही त्यावर लागत नाही. पण बाहेर गेलेल्या माणसाच्या बायकोला विचारले, तर ती टीव्हीपेक्षा तीच पेटी आधी मागेल.

मुलगा एवढा इरेला का पेटला होता? क्रिकेटसाठी खास नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात त्याची आजी गेली. वडील तेव्हा बाहेर होते. घरून फोन लावला, तो लागणार नव्हताच. मग बंदरातल्या एका बोटीने वायरलेसवरून पुढच्या बोटीला सांगितले, तिने तिच्या पुढच्या बोटीला. निरोप एका बोटीवरून दुसरीवर जात जात दुसऱ्या रात्री वडिलांपर्यंत पोचला, तोवर त्याचे शब्द बदलले होते. "आई जास्त आहे," एवढेच त्यांनी ऐकले. त्यांनी तसेच इंजिन फिरवले आणि रात्रभर बोट हाकली. घरी आले तेव्हा अंगणात मांडव नव्हता, माणसेही पांगली होती. ते कुणावर रागावले नाहीत. ओटीवर बसून त्यांनी पायांचे मीठ धुतले आणि विचारले, "पाणी कुणी पाजलं?" ते त्या वेळी शाळेत असलेल्या याच मुलाने पाजले होते.

त्यानंतर वडिलांनी तो विषय कधी काढला नाही. मुलाने मात्र तो मनात धरून ठेवला आणि नोकरी लागल्यावर टीव्ही आणला.

पानिपतला राहायला लागल्यावर त्याला निरोपांची आणखी एक गोष्ट कळली. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. नानासाहेब पेशवे स्वतः मदतीला उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या आसपास, सुमारे दहा दिवसांनी, त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र पडले. त्यात माणसांची नावे नव्हती. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा अर्थाचा व्यापारी भाषेतला मजकूर. त्या दोन मोत्यांपैकी एक पेशव्यांचा मुलगा विश्वासराव होता आणि दुसरा चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. दहा दिवस ज्याची काळजी करत ते पुढे चालले होते, तो मुलगा पहिल्याच दिवशी गेलेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबही गेले. सुवर्णदुर्ग रोज डोळ्यांसमोर असलेल्या हर्णैकरांना हे पेशवे तसे परके नाहीत. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून तो किल्ला घेतला गेला, तेव्हा इंग्रजांच्या बरोबरीला पेशवेच होते. हर्णैतल्या काही जुन्या माणसांचा त्यांच्यावर अजून राग आहे!

मुलाने हे पत्राचे प्रकरण फोनवर वडिलांना सांगितले, तेव्हा पलीकडून बराच वेळ काही बोलणे आले नाही. मग ते म्हणाले, "मला दाखव ती जागा." म्हणून तो संक्रांतीला हात उंच करून उभा होता.

टीव्हीचा प्रश्न शेवटी आईने सोडवला, आणि तोही इंटरनेटशिवाय. तिने शेजारच्या मुलीकडून पेनड्राईव्ह भरायला शिकून घेतले. घरचे वायफाय रात्रभर चालते. चांगल्या चित्राचा तासाभराचा कार्यक्रम दोन-तीन जीबी खातो, पण बोट बंदरात असेपर्यंत दोन रात्री मिळतात. दोन सिनेमे, एक कीर्तन, खलाशांसाठी नेपाळी गाणी. शेवटी ती स्वतः मोबाईलवर काढलेले दहा मिनिटे घालते. अंगणातली मिरचीची रोपे, दुरुस्त केलेला पाण्याचा पंप, बँकेतून आलेले पत्र उघडून कॅमेऱ्यासमोर धरलेले. पेनड्राईव्ह चिवड्याच्या डब्यात पिशवीत बांधून जातो. खलाशी सांगतात, तांडेल सिनेमा सुरू झाला की झोपतात, पण मिरचीची रोपे दोनदा बघतात.

त्या संक्रांतीला आईने मुलाचा सगळा व्हिडीओ असाच उतरवून घेतला. संध्याकाळी बंदरातून निघणाऱ्या पुतण्याच्या बोटीला तिने निरोप दिला, "वायरलेसवर सांग, पोरगा काळ्या आंब्यावर जाऊन आला, बरा आहे." या वेळी निरोपातला शब्दही बदलला नाही. वडील आठवड्याने आले, मासळी लिलावाला उतरवली, बर्फ आणि डिझेल भरले आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा गेले.

महिना संपत आला असताना मुलाचा फोन वाजला. वडील परतीच्या वाटेवर होते, हर्णैचे दीपगृह दिसू लागले होते आणि डोलकाठीवरच्या अँटेनाला टॉवर सापडला होता.

"बघितलं," ते म्हणाले. "सगळ्यांनी बसून बघितलं. खांब बघितला, बाग बघितली. आंबा नाही दिसला कुठं."

"झाड केव्हाच गेलं, बाबा. नावच उरलंय."

इंजिनाचा आवाज येत राहिला. हापूसच्या मुलखातला माणूस विचार करत होता.

"मग एवढ्या वर्षांत कुणी कलम नाही लावलं?"

"विचारतो," मुलगा म्हणाला.

"विचार. आणि थंडी आहे तिकडे, टोपी घाल. आई सांगत होती."