चाचांचा मीटर

नव्वदच्या दशकात आप्पांच्या टाटा १२१० ट्रकला एक खोड लागली. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गूळ भरून रत्नागिरीला निघताना किल्ली फिरवली की इंजिन झटक्यात उचलायचं. आंबा घाटात चहाला थांबलो की मात्र कधीकधी सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प. आप्पा मग उतार बघूनच गाडी उभी करू लागले. एका गॅरेजने दोन्ही बॅटऱ्या बदलायला लावल्या, दुसऱ्याने सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश नवे घातले. सगळ्यांचं एकच निदान : गाडी तापते. गॅरेजात ती कधीच अडली नाही, त्यामुळे खोटं ठरवणार कोण?

उद्यमनगरातल्या एका वायरिंगवाल्या चाचांकडे शेवटी गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, “टक् एकदाच वाजतंय, का टकटक टकटक?” एकदाच, म्हणालो. “हेडलाइट लावून किल्ली मारली तर दिवे पार बसतात?” किंचित मंद होतात, एवढंच. “आणि थंडीत, पहाटे, कधी अडली?” आप्पा जरा थांबून म्हणाले, “व्हय, थंडीतबी अडली हुती की.” तापण्याचा सिद्धांत तिथेच मोडला.

चाचा म्हणाले, “चालू गाडीत मी काय शोधू? जिथं अडते तिथं मला घेऊन चला.” आणि दुकानाचं शटर ओढून, मीटर मांडीवर घेऊन, एप्रिलच्या उन्हात हा म्हातारा आमच्या केबिनमध्ये येऊन बसला. दिवसाच्या धंद्यावर पाणी सोडून परक्याच्या गाडीची खोड बघायला कोण जातं? मी तेव्हा कॉलेजात होतो, इलेक्ट्रिकलची पुस्तकं वाचत होतो, आणि असा शिक्षक मला वर्गात भेटला नव्हता.

घाटात गाडी अडली. चाचा खूश! मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. “मार किल्ली.” तिथे फार तर अर्धा-एक व्होल्ट दिसायला हवा, काटा दहाच्या घरात गेला. चोवीसपैकी दहा व्होल्ट परतीच्या वाटेवरच गळत होते. मग त्यांनी एक जाड केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावली. किल्ली मारताच सेल्फ गरगरला, इंजिन सुरू.

इंजिन रबरी पॅडवर बसलेलं असतं, म्हणून त्याचं अर्थिंग चेसिसला जोडायला विणलेल्या तांब्याची पट्टी लागते. आमची पट्टी ग्रीसच्या थराखाली निम्म्याहून जास्त तुटली होती. इंजिन जसं बसेल तसे तुटके धागे टेकायचे किंवा सुटायचे. टेस्ट लॅम्प लावला तर तो लख्ख पेटायचा, कारण बल्बला जेमतेम एक अँपिअर लागतो. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग अडथळा असला तरी तीनशे अँपिअरला तीन व्होल्ट जातात. पुस्तकात हे सूत्र मी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ त्या घाटात कळला.

पट्टी बदलली, बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून काढला. चाचांनी पट्टीचे पैसे घेतले. दिवसाचे विचारले तर म्हणाले, “घाटात चहा तुम्हीच पाजला न्हवं?” नवा सेल्फ माथी मारला असता तर त्यांचा महिना निघाला असता. आप्पा पुढे दर मोसमात पहिल्या गुळाची एक ढेप त्यांच्या दुकानात ठेवून यायचे. तेवढ्याने ते देणं फिटलं, असं आप्पांना कधी वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

मी पुढे आयटीआयमध्ये शिकवायला लागलो. मुलांना अजूनही आधी प्रश्न विचारायला लावतो, पाना नंतर देतो. जुना ट्रक सांभाळणाऱ्यांना माझी एक विनंती आहे : गाडी अडलेली असतानाच बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत मीटर लावा, आणि ते केल्याशिवाय कुणालाही सेल्फ उतरवू देऊ नका.