चेटकीण, हसू आणि आपला वर्ग



आपलं नाशिक हे भीतीच्या गोष्टीतून नाव मिळालेलं गाव आहे, हे कधी लक्षात आलंय का? पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, ती 'नासिका' म्हणून हे नाशिक, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. सीतागुंफेच्या अरुंद पायऱ्या वाकून उतरणारं प्रत्येक पोर मनात एक राक्षस घेऊनच आत जातं आणि बाहेर येताना हसतं. मुलांच्या डोक्यात पुराण, भीती आणि गंमत यांचे वेगळे कप्पे नसतात. ते कप्पे आपण मोठी माणसं करतो. अभिजात साहित्य एका फळीवर, इतिहास दुसऱ्या, विनोद तिसऱ्या, आणि भुताखेतांच्या गोष्टी? त्या तर माळ्यावरच!

हे कप्पे ज्यांनी मानले नाहीत अशा एका मराठी लेखकाबद्दल आज लिहिते आहे. ते म्हणजे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०).

मतकरींची ओळख प्रत्येक घरात वेगळी. आजीला विचारा, ती म्हणेल 'गहिरे पाणी'. काकाला विचारा, तो म्हणेल 'लोककथा ७८'. पोरांना विचारा, ती ओरडून सांगतील, 'चिंची चेटकीण!' माणूस एकच. १९७८ पर्यंत बँक ऑफ इंडियात नोकरी करत लिहिणारा आणि नंतर पूर्ण वेळ लेखन-नाटकाला देणारा. सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'साठी त्यांनी 'मधुमंजिरी' लिहिलं, पुढे स्वतः मुलांची नाटकं लिहून, बसवून, निर्मितीचा खर्च अंगावर घेऊन वर्षानुवर्षं केली. 'अलबत्या गलबत्या' त्यातलंच. त्यातली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ मध्ये नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. त्याच वर्षी मतकरींना बालसाहित्यातल्या एकूण योगदानासाठी साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

याच लेखणीने 'आरण्यक' लिहिलं. महाभारताचं युद्ध संपल्यावर उरलेल्या म्हाताऱ्या माणसांचं, धृतराष्ट्र-गांधारी-विदुरांचं ते नाटक. याच लेखणीने आपल्या शिक्षणक्षेत्रातल्या ताराबाई मोडकांच्या आयुष्यावर 'घर तिघांचं हवं' लिहिलं. आणि याच लेखणीने मोठ्यांसाठी ढीगभर गूढकथा लिहिल्या. त्यांतली भीती पडक्या वाड्यापुरती राहत नाही. आपल्यासारख्या साध्या घरांत, शेजारात, माणसाच्या मनात ती दबा धरून बसते. पुराण, इतिहास, भय आणि हसू, चारही एकाच दौतीतून आलेलं.

आणि हे काही नवीन नाही बरं का. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. मध्यरात्र, स्मशान, खांद्यावर प्रेत, आणि ते प्रेत काय करतं? कोडी घालतं! आपल्यापैकी अनेकांनी हे 'चांदोबा'त वाचलंय. भीती वाटत असतानाही डोकं चालवायला लावणारी ही युक्ती फार जुनी आहे.

आता मुद्द्यावर येते. वर्गात असं काही घेतलं की एक-दोन पालक हमखास येतात. 'मॅडम, मुलं घाबरतील. शिवाय अंधश्रद्धा वाढेल.' प्रश्न रास्त आहे, उडवून लावण्यासारखा नाही. पण मी त्यांना एक उलट प्रश्न विचारते. 'जेवली नाहीस तर बागुलबुवा येईल,' हे घरात कोण म्हणतं? धाक घालायला वापरलेलं भूत आणि खेळायला घेतलेलं भूत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या भुतापुढे मूल एकटं असतं, अंधारात, आणि भुताची दोरी मोठ्यांच्या हातात. दुसऱ्या भुतापुढे शेजारी चाळीस मुलं असतात. चेटकीण पुढे आली की सगळी एकदम किंचाळतात, ती फजीत झाली की एकदम हसतात. मिशा काढलेला काका लुगडं नेसून आलाय, हे पहिल्या रांगेतल्या पोराला पक्कं ठाऊक असतं. तरी ते घाबरतं, आणि घाबरल्यावर आपण ठीकच आहोत हेही त्याला कळतं. भीतीला सरावण्याची ही तालीमच.

एवढ्यावर थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण माझ्या सातवीच्या वर्गाने मला पुढे ढकललं.

आमच्या शाळेत सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं बरीच. काही पेठ-सुरगाण्याकडची. चेटकिणीवर नाटुकलं बसवायचं ठरलं, पोरं खूश. एक मुलगी मात्र गप्प. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत जवळ आली आणि म्हणाली, 'मॅडम, नाटकातली चेटकीण खोटी असते, हे सगळ्यांना माहिती आहे. मग आमच्या आत्याला डाकीण म्हणतात, ते खोटं आहे असं कुणी का म्हणत नाही?'

तिची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. पण प्रश्न तुमच्यापुढे ठेवते, कारण तो एका मुलीचा नाही. डाकीण ठरवून बाईला वाळीत टाकणं, मारहाण करणं हे आपल्या राज्यात घडत आलंय. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरवलाय. तो कायदा यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला.

नाटुकलं बंद केलं नाही. फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे 'रंगमंचावरची चेटकीण', दुसरीकडे 'गावाने ठरवलेली डाकीण'. मुलांनीच भरले. पहिलीला जादू येते, दुसरीला येत नाही. पहिली पडदा पडल्यावर घरी जाते, दुसरीला घरच राहत नाही. पहिलीला आपण घाबरतो, दुसरी आपल्याला घाबरते. हे शेवटचं वाक्य मागच्या बाकावरून आलं आणि वर्ग शांत झाला.

मग त्या मुलीनेच नाटुकल्याला नवा प्रवेश सुचवला. गावात कुणाची गाय आटली, कुणाचा फोन चार्ज होईना, कुणाला गणितात चार मार्क पडले. प्रत्येक जण एकाच म्हातारीकडे बोट दाखवतो. पोरं पोट धरून हसली. पण बघा, हसू आता म्हातारीवर नव्हतं, बोट दाखवणाऱ्यांवर होतं. भयविनोदाचं खरं काम मला तिथे दिसलं.

आत्याचं पुढे काय झालं, विचाराल. मुलीच्या आईला भेटले, कायदा सांगितला, मदत कुठे मागता येईल तेही सांगितलं. ती म्हणाली, 'मॅडम, पाड्यावर हे बोलता येत नाही.' एका नाटुकल्याने पाडा बदलत नाही. पण चाळीस मुलं आता 'डाकीण' हा शब्द ऐकला की आधी विचारतील, 'कशावरून?' एवढं मी खात्रीने सांगते.

तुम्हाला करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांभाळा. गोष्ट दिवसाउजेडी, सगळ्यांसोबत घ्या. ज्याला नको असेल त्याला उठून जायची मुभा द्या. गोष्ट अर्धवट सोडून घंटा वाजू देऊ नका, भुताची फजिती त्याच तासात व्हायला हवी. आणि शेवटी एक प्रश्न जरूर विचारा : आपण कुणावर हसलो?

परवा हाच प्रश्न शूर्पणखेच्या गोष्टीनंतर विचारला. एरवी 'नाक कापलं' म्हटलं की खिदळणारा वर्ग जरा थबकला. एक जण म्हणाला, 'मॅडम, तिला दुखलं असेल ना?' मी उत्तर दिलं नाही. पुढचा तास त्याच्यावरच घेणार आहे.