टिक, टिक्टे, खटिक्ट

मंडळी, या शनिवारी एक डच क्रियापद. घाबरू नका, अगदी छोटं आहे : 'टिकन'.

अर्थ सांगायलाच नको, घड्याळ जे करतं ते! मूळ शोधायला ग्रीक-लॅटिनपर्यंत जावं लागत नाही. आवाज झाला, त्याला प्रत्यय लागला, झालं क्रियापद. आपलं खडखडणं, भुणभुणणं असंच जन्मलं. फक्त आपल्याला आवाज दोनदा काढल्याशिवाय चैन पडत नाही आणि डच माणूस एका 'टिक'मध्ये भागवतो. (काटकसर हो, दुसरं काय! :-) )

पण व्याकरणात शिरल्यावर आवाजाला सवलत नाही. मी 'टिक', तू 'टिक्ट', आम्ही 'टिकन'. भूतकाळ म्हणजे तर सरळ इफ-एल्स : नियमित धातूच्या शेवटी ट, क, फ, स, ख, प यांपैकी आवाज असेल तर 'टे', नाहीतर 'डे'. ही व्यंजनं लक्षात राहावीत म्हणून 'ट कॉफस्खिप' असा शब्द शिकवतात. (कॉफ म्हणजे जुन्या काळचं एक शिडाचं जहाज.) थोडक्यात, आपलं अघोष-सघोष. म्हणून 'टिक्टे', पण मधमाशीच्या 'झूमन'चं 'झूमडे'.

क्रिया पूर्ण झाली की पुढे 'ख' येतो : 'खटिक्ट'. याचाच दुसरा अर्थ डोकं फिरलेला! आणि 'टिकन' म्हणजे टाइप करणंसुद्धा. दिवसभर टिकन केल्यावर माणूस खटिक्ट होतो, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता खरी गोष्ट. आमची पाच वर्षांची लेक इथे आइंडहोव्हनमध्येच जन्मली. घरी मराठी, शाळेत डच. परवा व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या आजीला म्हणाली, "आजी, तुझं घड्याळ टिकतंय!"

आजी म्हणाली, "हो गं बाई, चाळीस वर्षं टिकलंय, आजोबांनी घेतलेलं."

दोघीही खूश. मी गप्प बसलो.

बायकोचं म्हणणं, तिथल्या तिथे सुधारायला हवं होतं. असंच एकेक शब्द करत मराठी जाते. तिचं खोटं नाही. पण मला तो 'तंय' ऐकू आला. शब्द बाहेरून येतातच. डचांनीही 'गूगल' घेतलं आणि त्याला आपलाच भूतकाळ लावला. लेकीनेही डच धातू घेऊन मराठीत चालवला, तोही न अडखळता.

ज्या दिवशी प्रत्ययही डच येतील, त्या दिवशी मात्र मला झोप लागणार नाही. तोवर आठवड्यातून एकदा असलेला आजीचा कॉल आम्ही रोजचा केलाय.