शिक्षा संपते केव्हा?

एकदा गुन्हा शाबीत झालेल्या माणसाच्या हाती पुन्हा बंदूक द्यावी काय, असे कोणी आम्हांस विचारले असते, तर ‘मुळीच देऊ नये’ असे उत्तर आम्ही फारसा विचार न करता दिले असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातील एका गृहस्थाची हकीकत वाचनात आली आणि ते उत्तर आम्हांस अपुरे वाटू लागले.

सरकारी अन्नसाहाय्य मिळवताना मिळकत खोटी सांगितल्याचा गुन्हा या गृहस्थाने १९९५ साली कबूल केला. पदरी तीन मुले, आणि लोकांच्या अंगणातील हिरवळ कापून मिळणारी मजुरी. त्यास तुरुंगवास झाला नाही. तीन वर्षे देखरेखीखाली राहून त्याने २,४५८ डॉलरांची भरपाई केली, दंडही भरला. प्रकरण मिटले, असे कोणासही वाटावे. परंतु १९६८ चा तेथील कायदा भोगलेली शिक्षा पाहत नाही, होऊ शकणारी शिक्षा पाहतो. त्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितलेली होती. म्हणून शिकारीची बंदूक बाळगण्यासही त्याला जन्माची बंदी झाली.

यापुढे मनुष्य धोकादायक वागण्याचा संभव नाही अशी खात्री पटल्यास ही बंदी उठवावी, अशी तरतूद त्या कायद्यातच आहे. तथापि सवलत मिळालेल्यांपैकी काहींनी पुन्हा गुन्हे केले, ओरड झाली, आणि १९९२ पासून व्यक्तींच्या अशा अर्जांवर पैसा खर्च करण्यास अमेरिकन काँग्रेसने संबंधित खात्यास मनाई केली. कलम पुस्तकात राहिले. ते राबवणारा हात मात्र बांधला गेला. अर्ज न पाहणे म्हणजे अर्ज नाकारणे नव्हे, सबब न्यायालयास त्यात पडता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. पेनसिल्व्हानियाच्या त्या गृहस्थाच्या बाजूने अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि फेरविचारानंतर पुन्हा २०२४ च्या डिसेंबरात निकाल दिला. ती बंद वाट खुली करण्याचे काम तेथील न्यायखात्याने २०२५ मध्ये हाती घेतले.

हे वाचताना खानापूर तालुक्यातील आमचा एक शेजारी आम्हांस आठवला. तिकडे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क. आपणांकडे ती परवान्याची वस्तू. रानडुकरांपासून भात राखण्यासाठी या शेजाऱ्याजवळ ठासणीची बंदूक होती. बांधाच्या भांडणात त्याने कोयता चालवला, दुसऱ्याचा हात कायमचा अधू झाला, आणि याला वर्षाची कैद झाली. बंदूक गेली, हे योग्यच झाले असे आम्हीही तेव्हा म्हणालो.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अशा माणसास शिक्षा संपल्यावर पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. पुढे परवाना मिळेलच असे नाही. मात्र नाकारायचा तर अधिकाऱ्यास कारण लिहून ठेवावे लागते, आणि अपिलाची सोय असते. ती पाच वर्षे सरल्यावर शेजारी आमच्याकडे अर्ज लिहून घेण्यास आला.

“मास्तर, नाही मिळाली तरी चालंल,” तो म्हणाला. “पण साहेबानं एकदा माझ्याकडं बघून नाही म्हणावं.”

आम्ही लेखणी उचलली आणि क्षणभर थांबलो. ज्याचा हात अधू झाला होता त्याचे घर आमच्या खिडकीतून दिसत होते. त्यालाही या अर्जावर काही म्हणावयाचे असेल, आणि ते कोणीतरी ऐकले पाहिजे, हे आम्हांस नाकारता येईना. अखेरीस अर्जात आम्ही गुन्हा लिहिला, भोगलेली कैद लिहिली, आणि त्यानंतरची निर्वेध वर्षेही लिहिली.

परवाना मिळाला नाही. उत्तर आले, त्यात कारणे होती. ती आम्ही त्यास दोनदा वाचून दाखवली. त्याने अपील केले नाही. कागदाची नीट घडी घातली, टोपीखाली ठेवली, आणि रात्रीच्या राखणीसाठी डबा बडवीत तो शेताकडे गेला.