आधी नेमणुकीचं पत्र माग

चि. सायलीस,

खाडीतली वाळू उपसणाऱ्या सक्शन पंपांची तुझी बातमी वाचली. तिसऱ्या पानावर, खाली, तीन कॉलम. रात्री किती होड्या भरतात, डंपर कुठल्या धक्क्याला लागतात, काठावरच्या विहिरी कधीपासून मचूळ झाल्या, सगळं आलंय. ‘मचूळ’ शब्द डेस्कने ‘क्षारयुक्त’ केला नाही, म्हणजे तिथे अजून कुणीतरी माणूस बसतो. बरं वाटलं. रात्री झोप मात्र आली नाही.

पत्रकार शशिकांत वारिशे डोळ्यांसमोर येत राहिले. बारसूच्या रिफायनरीला असलेल्या गावांच्या विरोधाबद्दल ते सतत लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी ‘महानगरी टाइम्स’मध्ये त्यांची बातमी आली, प्रकल्पाच्या बाजूने उभ्या असलेल्या एका जमीन व्यावसायिकाबद्दल. त्याच दुपारी राजापूरजवळ कोदवलीच्या पेट्रोल पंपापाशी त्यांच्या दुचाकीवर जीप आली. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात ते वारले. पोलिसांनी अटक केली ती बातमीतल्याच माणसाला. खुनाचं कलम लागलं ते मागाहून.

युनेस्कोने २०२४ मध्ये जगाचा हिशेब मांडला होता: पंधरा वर्षांत पर्यावरणावर लिहिणारे ४४ पत्रकार मारले गेले, शिक्षा झाली ती ५ प्रकरणांत. पण मला हा आकडा तेवढा टोचत नाही. माझं स्वतःचं एक प्रकरण टोचतं.

मी जिल्हा डेस्कवर होतो तेव्हाची गोष्ट. चिरेखाणीवर लिहिणारा आमचा एक वार्ताहर होता. मानधन इतकं की महिन्याचं पेट्रोलही सुटत नसे. एकदा रात्री अकराला त्याचा फोन आला, “साहेब, घरासमोर गाडी उभी हाय. लाईट बंद करून बसलेत.” पान सोडायची वेळ होती. मी म्हटलं, “बातमी थांबवू का?” तो म्हणाला, “नको, लावा.” मी लावली आणि घरी जाऊन झोपलो. पोलीस ठाण्याला फोन केला नाही, शेजारच्या तालुक्यातल्या आमच्या माणसाला त्याच्याकडे धाडलं नाही. त्याला काही झालं नाही, हे त्याचं नशीब. आणि आठवड्याने दिवाळी पुरवणीच्या जाहिरातींसाठी मीच त्याला त्या खाणवाल्याकडे पाठवलं! टार्गेट होतं ना.

तालुक्याच्या बातमीदाराचं दुखणं इथे आहे, सायली. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच दारात वाढदिवसाची जाहिरात मागायला उभं राहायचं. समोरच्याला पक्कं ठाऊक असतं की या पोराच्या मागे कुणी नाही.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. पण त्यात पत्रकार कोण? पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आणि जो नियमित किंवा कंत्राटी नेमणुकीवर आहे, तो. तुझ्याकडे काय आहे? व्हॉट्सअॅप ग्रुपमधलं नाव आणि लॅमिनेट केलेलं ओळखपत्र, तेही मागच्या साली संपलेलं. म्हणून नेमणुकीचं पत्र माग. तोंडी ‘हो हो’वर भागवू नकोस, मीही अनेकांना ते म्हटलंय.

दुसरं, जाहिरातीची वसुली सोड. पैसे कमी पडले तर मला सांग, लाजू नकोस. आणि वाळूची पुढची बातमी एकटीच्या नावाने देऊ नकोस. दुसऱ्या दोन दैनिकांच्या वार्ताहरांना सोबत घे, एकाच दिवशी तिघांच्या पानांवर येऊ दे. एक्सक्लुझिव्हची हौस मलाही होती, पण तिघांच्या दारात गाडी उभी करायची तर त्यांना तीन गाड्या लागतील.

धक्क्यावर जाताना कुठे चाललीस ते मला कळव, परतल्यावर मिस्ड कॉल दे. साडेनऊपर्यंत नाही आला तर मी ठाण्याला फोन लावणार, उगाच लाज काढली म्हणून मग भांडू नकोस. तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस, ती मलाच धारेवर धरेल.

पत्र मागितलंस का ते शनिवारपर्यंत कळव.

तुझा,
मामा