शून्य दाबण्यापूर्वी

विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या म्हणजे प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे येते. मी मराठी शिकवणारा, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पदवीबिदवी काही पदरी नाही. तरीही तिथल्या एका पेटीशी माझी गट्टी जमली आहे. ती वेळ मोजते. दर्शनी भागावर तांबडे आकडे उमटतात आणि त्यांच्याखाली तीन बटणे आहेत: 'सुरू', 'थांब' आणि 'शून्य'.

पहिल्या दोन बटणांत शिकण्यासारखे काय आहे, असे मुलांना वाटते. पण डोळ्याने पाहावे आणि बोटाने दाबावे, एवढ्यात सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा निघून जातो. पेटी शतांश सेकंद दाखवते म्हणून आपले बोट काही तितके चपळ होत नाही! एक मीटर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण झोक्याला सुमारे दोन सेकंद लागतात. एकच झोका मोजला तर त्या पाचव्या हिश्शाने दहा टक्के घोटाळा होतो; वीस झोके मोजून विसाने भागले तर अर्धाच टक्का. आणखी एक पथ्य आहे. लंबक मधल्या खुणेवरून जाताना 'सुरू' दाबायचे आणि तोंडाने 'शून्य' म्हणायचे. 'एक' म्हटले की विसाच्या जागी एकोणीसच झोके भरतात.

गेल्या वर्षी एका मुलाच्या वहीत ३८.१ सेकंद खोडून ४०.१ केलेले दिसले.

"हे काय रे?"

"सर, अडतीस धरलं तर उत्तर हजाराच्या वर जातं. पुस्तकात नऊशे ऐंशी आहे."

मी त्याला पुन्हा मोठ्याने मोजायला लावले. लंबक सुटला, बोट पडले आणि स्वारी म्हणाली, "एक!" मग स्वतःच थांबून हसू लागला. एकोणीस झोक्यांना ३८.१ सेकंद लागतात, हे अगदी बरोबर होते. पेटी खरेच सांगत होती. चूक मोजण्यात होती, आणि ती दाखवणारा एकुलता एक साक्षीदारच त्याने खोडून टाकला होता.

म्हणून तिसऱ्या बटणाचा नियम मी फार कडक ठेवला आहे. आकडा आवडो न आवडो, आधी वहीत लिहायचा, मगच 'शून्य'.

त्या दिवशी वर्गाला मी एका जुन्या वहीची गोष्ट सांगितली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर अकस्मात पांढरा लखलखाट दिसला. त्यांनी घड्याळातली वेळ टिपून ठेवली. साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकत्वात वादळ उठले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तेव्हा चुंबकाचे वाचन डोळ्यांनी घेत आणि हाताने लिहीत. एरवी दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांचा फरक पडे. त्या दिवशी सुमारे सोळाशेंची घसरण झाली. हे कसे शक्य आहे, म्हणून तो आकडा कुणी खोडला नाही. उलट वादळ चालू असताना वाचने अधिक जवळजवळ घेतली, प्रत्येकापुढे वेळ लिहिली. १४४ वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला तो याच नोंदींच्या आधारे. साडेसतरा तास हा हिशेबही, दोन दूरच्या ठिकाणी दोन घड्याळे प्रामाणिकपणे वाचली गेली म्हणूनच लागतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकाची वाचने बिघडली असती. म्हणून १९०४ साली हे काम खाडीपलीकडे आमच्या अलिबागला आले. दिवाळीच्या सुटीत कुलाबा किल्ला पाहायला याल, तेव्हा भरती-ओहोटीची वेळ विचारूनच निघाल. किनाऱ्याजवळ ती वेधशाळाही आहे. मुले बरोबर असतील तर तिच्या फाटकापाशी क्षणभर थांबा आणि १८५९ सालच्या त्या न खोडलेल्या आकड्यांची गोष्ट त्यांना सांगा.