हँडल जरा सैल धरा

साखर काठावर आली आणि डॉक्टर म्हणाले, "सर, आता रोज चाला, नाहीतर सायकल चालवा." नुसतं चालायचा मला कंटाळा. पुतण्याची गियरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती, तीच पुसून घेतली. फज्रची नमाज झाली की नगरच्या बाहेर पडायचं आणि शाळेच्या वेळेआधी परत यायचं.

तीन आठवड्यांत गुडघा बोलायला लागला. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायचं, सजद्यातून उठताना हात टेकावा लागायचा. मशिदीत एकाने अगदी आपुलकीने खुर्ची पुढे सरकवली. माझं वय शेहेचाळीस! खुर्ची घेतली नाही, पण त्या दिवशी घरी कुणाशी धड बोललोही नाही.

दुसरी गोष्ट मात्र मी बायकोलाही सांगितली नव्हती. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. अब्बांची साखर अशीच बधिरपणाने सुरू झाली होती, पायापासून. पुढे काय काय झालं ते मी घरात पाहिलेलं आहे. त्यामुळे दहा-बारा दिवस मी डॉक्टरकडे जायलाच घाबरलो.

शेवटी गेलो. त्यांनी तळहाताचा करंगळीखालचा भाग दाबला आणि विचारलं, "सायकलवर सगळा भार इथेच टाकता ना?" या दोन बोटांकडे जाणारी नस तिथूनच जाते, हँडलवर ती दबते. साखरेचा बधिरपणा बहुतेक वेळा पायांपासून सुरू होतो, असंही त्यांनी सांगितलं. पाय तपासले, ते ठीक होते. अलहम्दुलिल्लाह. मग म्हणाले, "गोळी नको, आधी सायकल दुरुस्त करा."

आमच्या मोहल्ल्यातल्या सायकलवाल्या चाचांनी मला सायकलवर बसवलं, भिंतीला हात लावायला सांगितलं आणि हसले. "सर, ये तो बच्चे का सीट है." पुतण्या तेव्हा आठवीत होता, सीट त्याच्याच उंचीवर! पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक उरतो, तेवढाच हवा. माझा गुडघा प्रत्येक फेरीला छातीकडे येत होता, म्हणून वाटीवर ताण. सीट फार वर गेली तर गुडघ्याच्या मागे दुखतं आणि कंबर डावी-उजवी डोलते. चाचांनी ती बरीच वर घेतली, पण दांड्यावरची खूण बाहेर दिसू दिली नाही. तिच्या वर दांडा काढणं धोक्याचं. सीटचं टोकही खाली झुकलेलं होतं. मी पुढे घसरायचो आणि ते वजन हातांवर यायचं. ती सपाट केली.

बाकीचं माझ्याकडे होतं. पहिलीची मुलं अलिफ, बे काढताना पेन्सिल इतकी आवळतात की बोटं पांढरी पडतात. वीस वर्षं मी त्यांना "सैल धर बेटा" म्हणतोय आणि स्वतः हँडल तसंच आवळत होतो, कोपरं ताठ करून. आता कोपरात बाक ठेवतो, दर थोड्या वेळाने हाताची जागा बदलतो. (पॅडवाली चड्डीही घेतली. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे दुकानदाराने भर दुकानात मोठ्याने सांगितलं.)

गियरचा हट्टही सोडला. जड गियरवर दात-ओठ खात पॅडल मारणं म्हणजे व्यायाम, असं मी समजत होतो. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजलं आणि चारने गुणलं: 52. सवयीचे सायकलवाले 80 ते 90 फिरवतात. हलक्या गियरवर मी 75 पर्यंत आलोय आणि गुडघा गप्प आहे. बोटं जागी व्हायला महिना लागला.

रविवारी आता चांदबीबी महाल. शहरापासून साधारण 13 किलोमीटर. नाव चांदबीबीचं, पण ती अष्टकोनी तीन मजली इमारत निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर आहे. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि मुलं दरवर्षी चांदबीबीच लिहितात. शेवटचा चढ जीव काढतो. चढ लागायच्या आधीच गियर हलका करावा लागतो, मध्येच बदलला तर चेन कुरकुरते. गेल्या रविवारी दोनदा उतरावं लागलं. त्याआधी चारदा उतरलो होतो.